फोडणी तेवढी ताजी

बाबा डबा खात नाहीत, हे मला त्यांच्या हिरव्या बादलीवरून कळलं.

इंदूरमध्ये ओला कचरा हिरव्या बादलीत, सुका निळ्या बादलीत, आणि सकाळी गाणं वाजवत गाडी आली की आपल्या हाताने नेऊन टाकायचा. आई गेल्यापासून बाबा सुदामा नगरच्या घरात एकटे राहत होते. त्या दिवशी मला सुटी होती म्हणून मी सकाळीच त्यांच्याकडे गेले होते. गाडी आली तेव्हा ते आंघोळीला गेले होते, म्हणून बादल्या मी उचलल्या. हिरवी चांगलीच जड लागली. एकट्या माणसाचा ओला कचरा एवढा जड नसतो. झाकण काढून बघितलं. वर कालची भाजी, तिच्याखाली कालचीच डाळ, आणि चार घड्या घातलेल्या पोळ्या, जशा आल्या तशा.

मी बादली गाडीत रिकामी केली आणि बाबांची वाट बघत बसले.

"डबा कसा असतो, बाबा?"

"फर्स्ट क्लास. बाई बिचारी मन लावून करते."

"मग तो बादलीत का जातो?"

बाबा टॉवेलने डोकं पुसत राहिले. मग म्हणाले, "अगं, वो तो ठीक है, पण ती सकाळी सहाला करते आणि माझ्याकडे येतं बारा वाजता. शिळं खाऊ का मी?"

दुपारी डबा शिळा म्हणून टाकायचा आणि मग दिवसभर पोहे, शेव, बिस्किटं आणि चहा, असा त्यांचा कार्यक्रम चालू होता. पट्ट्याला खिळ्याने एक नवं भोक पाडलेलं मी बघितलं. ओरडून उपयोग नव्हता. आईने त्यांना जन्मभर तव्यावरची पोळी पानात वाढली होती. त्यांची सवय तिने लावली आणि निस्तरायला मला ठेवली.

पुण्याला दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा मोठा, वीसेक वर्षं पुण्यात, आणि निर्णय झटपट घेणारा. "मी त्यांना घेऊन येतो," तो म्हणाला. "खोली तयार आहे. तुझी वहिनी घरीच असते. विषय संपला."

विषय बाबांचा होता आणि त्यांचा संपला नव्हता. दादाकडे ते एकदा राहायला गेले होते आणि ठरल्याच्या आधीच परत आले होते. तिथे लिफ्टमध्येसुद्धा कोणी बोलत नाही, अशी त्यांची तक्रार होती. इथे त्यांना पाहिल्याबरोबर पोहेवाला न सांगता जीरावन मसाला जास्त टाकतो. बागेतल्या बाकावर त्यांची चार जणांची रोजची बैठक असते आणि त्यातला एक जण जरी आला नाही तरी बाकीचे तिघे त्याच्या घरी जातात. माझ्याकडे राऊला यायलाही ते तयार नव्हते. "पाहुणा म्हणून येईन. मुलीकडे राहायला नाही." यावर मी वाद घातला नाही, कारण घालून झाला होता.

दादाचं बोलणं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला. "मला इथून हलवू नका," एवढंच म्हणाले आणि पेपर परत वर घेतला.

म्हणजे प्रश्न जेवणाचा होता. तो सुटला तर बाबा त्यांच्या घरात राहणार होते, नाही तर पुण्याला जाणार होते. बाकी सगळं त्यांचं त्यांना जमत होतं.

मी पीथमपूरला एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये आहे. माल घेणं, थंड जागी लावणं, आधी आलेला आधी बाहेर काढणं, कशावर काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय हात न लावणं, यात माझी नोकरीची वर्षं गेली आहेत. राऊहून पीथमपूर एकीकडे आणि सुदामा नगर दुसरीकडे, म्हणजे रोज जाऊन स्वयंपाक करणं शक्य नव्हतं. पण माझ्याकडे फ्रीझर होता. फ्रीजचा वरचा खण म्हणत नाही मी. एका आइस्क्रीमवाल्याने दुकान बंद केलं तेव्हा घेतलेला, पेटीसारखा, वरून काच सरकवायचा. त्याच्यावर अजून आइस्क्रीमच्या कोनाचं फिकट चित्र आहे. कॉलनीतली मुलं सुरुवातीला कुल्फी मागायला यायची.

तो घेतला होता हिवाळ्यातल्या बटल्यांसाठी. इंदूरमध्ये आम्ही मटाराला बटला म्हणतो, आणि डिसेंबर-जानेवारीत तो घरोघरी पोत्याने सोलला जातो. दादाला आता हा शब्द चालत नाही. "मटार म्हण गं. बटला, बटाटा, कळत नाही तू काय खाऊ घालतेस." मी बटलाच म्हणते. बटल्यांनंतर भुट्ट्याचा कीस आला, मग उसळी, मग वाटणं. मला माझ्या फ्रीझरचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. त्यात काय टिकतं आणि काय नाही हे मी कोणाला विचारून शिकले नाही, बिघडवून शिकले. बटाटा स्पंज होतो. साबुदाण्याची खिचडी चिकट गोळा होते. पोहे तर करूच नयेत. पण शिजवलेल्या डाळी, मटकी, राजमा, छोले, कांदा-टोमॅटोचं वाटण, अर्धवट भाजलेल्या पोळ्या हे सगळं उत्तम राहतं.

माझी पद्धत अशी. अन्न पूर्ण गार होऊ द्यायचं. जाड पिशवीत एका वेळेपुरतं भरायचं, हवा काढायची, आणि तळहाताने दाबून सपाट करायचं. थाळ्यावर आडवं ठेवून गोठलं की उभं लावायचं. शाळेतल्या पाट्या दप्तरात उभ्या राहायच्या, तशा या राहतात. मी त्यांना पाट्याच म्हणते. जागा कमी लागते, आणि सपाट असल्यामुळे कढईत टाकल्यावर बघता बघता सुटतात. प्रत्येक पाटीवर मार्करने नाव आणि तारीख.

रविवारी तीन कुकर लावले. नवऱ्याला लसूण सोलायला बसवलं. संध्याकाळी बाबांच्या फ्रीजचा वरचा खण पाट्यांनी भरून टाकला आणि त्यांना बोलावून दाखवला.

बाबांनी आत बघितलं. "हे कधीचं आहे?"

"आजचं."

"आणि मी खाणार कधी?"

"हवं तेव्हा. आठवडाभर."

"म्हणजे आठवड्याचं शिळं," बाबा म्हणाले. "डबा निदान सकाळचा होता."

"शीतला सातमला आदल्या दिवशीचं थंड खाता ते चालतं?"

"तो धर्म आहे. ही तुझी सोय आहे."

"आणि होळीच्या दुसऱ्या दिवशीची कटाची आमटी? पातेलं पुसून खाता ती?"

"ती शिळी नसते," बाबा माझ्याकडे दया आल्यासारखं बघत म्हणाले. "ती मुरते."

कटाची आमटी म्हणजे पुरणाची डाळ शिजवून जे पाणी उरतं त्यात थोडं पुरण, चिंच आणि काळा मसाला घालून केलेली. ती आमच्या घरी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जास्त आवडायची, हे खरं होतं. त्यामुळे मी स्कूटरची किल्ली उचलली. पण घरी येताना स्कूटरवर विचार करत राहिले. बाबांच्या दृष्टीने अन्न शिळं कधी होतं? घड्याळाचा त्याच्याशी संबंध नव्हता. स्वयंपाकघरात मोहरी तडतडल्याचा आवाज आला, वास आला आणि पान मांडलं गेलं, की ते ताजं. डब्याला आवाज नव्हता आणि वासही नव्हता.

पुढच्या रविवारपासून मी सगळ्या पाट्या बिनफोडणीच्या केल्या. डाळ शिजलेली, हळद-मीठ घातलेली, पण फोडणी नाही. मटकी तशीच. मग एका सुटीला बाबांना गॅससमोर उभं केलं.

"तेल तापलं की मोहरी. तडतडेपर्यंत हात बांधून उभं राहायचं. मग जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता. मग पाटी आणि अर्धी वाटी पाणी. संपलं."

पहिल्यांदा त्यांनी मोहरी थंड तेलात टाकली. दुसऱ्यांदा हिंग जाळला. तिसऱ्यांदा कढई अशी काही तडतडली की बाबा दोन पावलं मागे सरकले आणि मग हसले. त्या दिवशी त्यांनी वरण वाढून घेतलं, तूप घातलं, आणि जेवताना म्हणाले, "हे ताजं आहे."

"ते रविवारचं आहे, बाबा."

"डाळ रविवारची असेल. फोडणी आजची आहे, और मैंने दी है."

त्यानंतर हिरवी बादली हलकी झाली. बागेतल्या बाकावर बाबा फोडणीवर बोलू लागले. पट्टा मूळच्या भोकावर आला. एकच खोड राहिली. स्वयंपाकघरात ते चष्मा लावत नसत, वाफेने धूसर होतो म्हणून. पाट्या रंगावरून ओळखत. पिवळी म्हणजे वरण, चॉकलेटी म्हणजे मटकी, लाल म्हणजे राजमा. मी म्हणायची, नाव वाचा. ते म्हणायचे, "मला डोळे आहेत."

दादाला फोनवर सगळं सांगितलं, पण त्याचा विश्वास बसेना. "तू करतेस आणि त्यांचं नाव सांगतेस," तो म्हणाला. शेवटी तो स्वतःच आला, शुक्रवार ते रविवार. येताना त्याने स्वतःच्या बॅगेबरोबर एक मोठी रिकामी सूटकेस आणली होती. रविवार संध्याकाळच्या विमानाची तिकिटं दोन काढली होती. सूटकेस हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी उभी केली. बाबा तिच्याकडे न बघता तिच्या बाजूने येत-जात होते.

"मी बघतो त्यांना दोन दिवस," दादाने मला फोनवर बजावलं. "जमत असेल तर राहू देत. नसेल जमत तर माझ्याबरोबर येतील. तू मध्ये पडायचं नाहीस."

"शनिवारी जेवायला येईन. हाताची घडी घालून बसेन."

"तोंडाचीही घाल."

शुक्रवारी मटकी झाली. कशी झाली विचारल्यावर दादा म्हणाला, "ठीक." बाबांनी मागून ओरडून सांगितलं, "पुण्यात चांगल्याला ठीक म्हणतात!"

शनिवारी मी गेले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दादा ओट्याला टेकून परीक्षकासारखा उभा होता. बाबांनी कुकरला भात लावला, "आज वरण," असं जाहीर केलं, फ्रीझर उघडला, आणि हात घालून एक पिवळी पाटी काढली.

वरणाचा पिवळा हळदीचा असतो. ही पाटी गुळाच्या रंगाकडे झुकलेली होती.

ते पुरण होतं. दादाला पुरणपोळी आवडते म्हणून बुधवारी मीच करून ठेवलं होतं, रविवारी दुपारी तिथेच पोळ्या लाटायच्या म्हणून. बाबांना सांगितलंही होतं. ते टीव्ही बघत हो हो म्हणाले होते. पाटीवर मी ठळक अक्षरात नाव लिहिलं होतं, पण पहिल्या अक्षरावर बर्फ बसला होता. मला खुर्चीवरून फक्त 'रण' दिसलं. बाबांना चष्म्याशिवाय तेवढंही दिसलं नसणार.

मी तोंड उघडलं. दादाने माझ्याकडे न बघताच बोट वर केलं. "ए. तू बोलायचं नाहीस."

मी तोंड मिटलं. बाबांनी तेल तापवलं, मोहरी घातली, हात बांधून उभे राहिले. उत्तम तडतडली. जिरं, हिंग, मिरची, कढीपत्ता. दादाने मान डोलावली. मग बाबांनी पुरण फोडणीत टाकलं आणि वर अर्धी वाटी पाणी.

पाटी विरघळू लागली तसा वास बदलला. आधी हिंग, मग हिंगामागून वेलची, मग जायफळ.

"वरणात वेलची?" दादाने विचारलं.

बाबांनी चमच्यावर थोडं घेतलं आणि चाखलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. हॉलमध्ये सूटकेस उभी होती, ती मला आणि त्यांना दोघांनाही दिसत होती.

बाबांनी गॅस बारीक केला. कपाटातून चिंचेची बरणी काढली, मूठभर चिंच गरम पाण्यात टाकली. आईचा काळ्या मसाल्याचा डबा काढला.

"काय करताय?" दादाने विचारलं.

"आमटी."

"आत्ता वरण म्हणालात."

"विचार बदलला."

"कसली आमटी?"

"कटाची. तू आलायस ना."

"होळीला असते ती."

"तू होळीला येतोस कुठे?" बाबा म्हणाले आणि पाणी ओतलं. सरकारी नोकरीत जन्म काढलेला माणूस, चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

मग खरी कसरत सुरू झाली. आमटीत पुरण असतं ते चव येण्यापुरतं. इथे अख्खी पाटी गेली होती, चौघांच्या पोळ्यांची. पाणी घातलं तरी गोड. चिंचेचा कोळ घातला, अजून गोड. कढई भरली म्हणून बाबांनी सगळं पातेल्यात ओतलं. मसाला, तिखट, मीठ, परत पाणी. पातेलं भरलं. दादाकडून वरच्या फळीवरचं मोठं पातेलं काढून घेतलं, जे आईच्या वेळी पाहुण्यांना निघायचं. दर वेळी ते एक चमचा चाखायचे, डोळे मिटायचे, आणि काहीतरी घालायचे. करायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं. लागते कशी हे पन्नास वर्षांचं पाठ होतं. मी खुर्चीच्या कडेवर बसून मनातल्या मनात म्हणत होते, चिंच अजून, बाबा, चिंच अजून. त्यांनी घातली. शेवटी खोबरं भाजून चुरडून टाकलं आणि झाकण ठेवलं.

"एवढी आमटी कोण खाणार, भिया?" दादा कितीतरी वर्षांनी इंदुरी झाला.

"तू. आणि उरेल ती मुरेल."

पानं मांडली. बाबांनी वाढलं. दादाने भातावर आमटी घेतली, एक घास खाल्ला. मग वाटी तोंडाला लावली. "मीठ थोडं कमी आहे," म्हणाला आणि वाटी पुढे केली. ती तीनदा पुढे आली. मी चाखली. आईच्यापेक्षा किंचित गोड होती. पण आमटीच होती, कोणालाही आमटीच वाटली असती.

"कोणी शिकवली?" दादाने विचारलं.

"यात शिकवायचं काय?" बाबा म्हणाले. "फोडणी आली की पुढचं येतं."

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा कचऱ्याची गाडी गल्लीत शिरली होती आणि दादा दोन्ही हातांत बादल्या घेऊन फाटकाशी उभा होता. हिरवी त्याने दोन बोटांवर धरली होती, इतकी ती हलकी होती. निळी रिकामी करता करता तो थांबला. आतून एक पिशवी उचलली. बर्फ गेल्यामुळे नाव आता पूर्ण दिसत होतं. ते त्याने वाचलं, पिशवी हुंगली, आणि हसत सुटला, इतका की गाडीवाला पण बघत राहिला.

पिशवी घेऊनच तो आत आला. "बाबा, हे काय?"

बाबा चहा पीत होते. त्यांनी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"पुरण," बाबा म्हणाले.

"म्हणजे काल चुकलं होतं."

"हो, चुकलं."

"वरण समजून घातलंत."

"हो. मग मी काय केलं? फेकलं? उपाशी राहिलो? तुला उपाशी ठेवलं?" बाबांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नव्हता. "चुकेल मी पुढेही. पण जेवेन."

दादा पिशवीची घडी घालत उभा राहिला. ती घडी त्याने फार वेळ घातली. मग खिशातून फोन काढला.

"एक तिकीट रद्द करतो," तो म्हणाला. आणि माझ्याकडे वळून, "आणि माझ्या पुरणपोळ्या?"

"काल प्यायलास."

दुपारी आम्ही दाल-बाफले केले. जेवण झाल्यावर मला स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. बाबा फ्रीजमधून मोठं पातेलं बाहेर काढून उभे होते. उरलेली आमटी ते पिशव्यांत भरत होते. हवा काढली, तळहाताने दाबून सपाट केली, थाळ्यावर आडवी ठेवली. चष्मा घालून मार्करने प्रत्येकीवर नाव लिहिलं, आणि खाली तारीख. माझ्यापेक्षा अक्षर चांगलं आहे त्यांचं. मी दारातून बघत होते आणि एका शब्दाचीही सुधारणा करावी लागली नाही. स्टोअर्समध्ये मी नव्या माणसांना शिकवते, त्यातल्या फार थोड्यांबद्दल असं म्हणता येईल.

संध्याकाळपर्यंत पाट्या कडक झाल्या. निघताना दादाने रिकामी सूटकेस उघडली. आमटीच्या पाट्या मधोमध, त्यांच्या भोवती माझ्याकडच्या मटकीच्या, राजम्याच्या आणि बटल्यांच्या. सगळ्यांना वर्तमानपत्राचे चार-चार पदर. बटल्यांवर मी मुद्दाम 'बटला' लिहिलं होतं. बाबांच्या कपड्यांसाठी आणलेली सूटकेस भरली, तरी बंद करताना दादाला वर बसावं लागलं.

बाबा फाटकापर्यंत आले आणि टॅक्सीत वाकून बोलले.

"बाकी सगळं बिनफोडणीचं आहे. फोडणी घरी द्यायची, बायकोला सांग. आमटीला फोडणी दिलेली आहे. ती नुसती गरम करायची."

"दिलेली आहे? मग ती शिळी नाही का होणार?" दादाने विचारलं.

"मुरेल," बाबा म्हणाले. "आणि काढताना चष्मा लाव."